गिरिजा थिएटरची जागा आणि बाळाबाईंची सोय

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

मी, नीलम्मा विरुपाक्ष कोनापुरे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, राहणार बाळीवेस, सोलापूर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. साखर आणि गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. कुणी धाक घातलेला नाही, आणि गोड बोलणाऱ्यांना मी भुलत नाही. वकिलांनी टाइप करून आणलेल्या मसुद्यात बाळाबाईंचे नावच नव्हते, म्हणून हाताने लिहीत आहे.

१. गिरिजा थिएटर, जागा व इमारत, माझ्या एकटीच्या नावावर आहे. सासरे कै. सिद्रामप्पा शेंगांचे व्यापारी. गड्ड्याच्या यात्रेत नाटकाचा तंबू जळताना त्यांनी पाहिला आणि पक्क्या भिंतींचे थिएटर बांधले. नाव सासूबाईंचे दिले. त्या कधी आत गेल्या नाहीत. मराठी कंपन्या येत, थंडीत कानडी येत. गिरणीचा भोंगा झाल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही असा नियम होता, कारण निम्मे लोक गिरणीतूनच यायचे. गिरण्या बंद पडल्या, ते लोक गेले. मग सिनेमा लावला, मग चादरींचे गोडाऊन केले, आता पुढच्या दाराला कुलूप आहे.

यजमान भिडस्त. दारात ओळखीचा दिसला की "बसा, बसा." म्हणून मामंजींनी जागा सुनेच्या नावे केली. म्हणाले, "नीलम्मा देवाला पण तिकीट मागंल." यजमान त्यावरून बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

२. ही जागा मुलगा अनिलकुमार यास देते. त्याने खुशाल विकावी. छप्पर गळते, आत कबुतरे आहेत. पाडताना पेपरवाल्यांना बोलावून गळे काढू नयेत. धाकटे दीर यांना काही ठेवलेले नाही. पुढच्या रांगांच्या खुर्च्या त्यांनी परस्पर विकल्या, तो हिस्सा त्यांना पोचला आहे. कंपनीच्या स्वयंपाकाची मोठी पातेली मठाच्या दासोहाला, म्हणजे अन्नछत्राला द्यावीत. बँकेतली ठेव नात ऋतुजाच्या शिक्षणाला, लग्नाला नाही.

३. आता बाळाबाईंविषयी. नाटक कंपनीतले कुणी आजारी पडले तर कंपनी पुढच्या मुक्कामाला जाई, आणि ती परत येईपर्यंत त्या माणसाचे जेवण आमच्या चुलीवर, अशी मामंजींची रीत होती. बाळाबाई वैरागच्या. टायफॉइडने पडल्या, कंपनी करमाळ्याच्या यात्रेला गेली. तिथे मालक आणि भागीदार भांडले, कंपनी मोडली. कुणी न्यायला आले नाही. त्या उठल्या, कंपन्यांचे कपडे शिवू लागल्या, पुढे बायकांच्या खिडकीवर तिकिटे फाडली. आजही थिएटरच्या मागे रंगपटाच्या खोलीत राहतात, डबा माझ्याकडून जातो.

बिल्डरला जागा मोकळी हवी आहे. अनिल म्हणाला, "आई, त्यांना आश्रमात ठेवू की. खर्च माझा."
"तू बघून आलास?"
"फोटो बघितले की."

म्हणून अट घालते. बाळाबाई आपल्या पायांनी खोली सोडेपर्यंत अनिलने खरेदीखतावर सही करू नये. केल्यास थिएटरची जागा त्याला न जाता मुलगी सिद्धेश्वरी हिला जावी.

४. राहते घर सिद्धेश्वरीला. रस्त्याकडची बाहेरची खोली मात्र बाळाबाईंना, त्या असेपर्यंत. सिद्धेश्वरीने मान्य केले आहे.

५. मान्य केले नाही ते बाळाबाईंनी. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "वैनी, मी न्हाय येणार. तुमच्यात सुकट चालत न्हाय."
"या वयात जिभेचे चोचले?"
"मग कवा करू? आश्रमात बुधवारी मासळी असती म्हनं. मी तितंच जाते."

मला राग आला. आमच्या घरात आजवर अंडेसुद्धा आलेले नाही, हे त्यांना ठाऊक आहे. घरी येऊन पूजेला बसले, पण चित्त लागेना. चार भिंतींत अनोळखी माणसांबरोबर ही बाई बुधवारची वाट बघत बसणार, हेच डोळ्यांपुढे येत राहिले.

तरी लिहून ठेवते की, बाहेरच्या खोलीत बाळाबाईंनी सुकट, बोंबील, मनाला येईल ते शिजवावे. घरातल्यांनी नाक धरू नये. देवघराची खिडकी लावून घ्यावी. मठातून कुणी विचारल्यास हा कागद दाखवावा. जबाब मी वर जाऊन देईन.

६. वरील कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. अनिलने गाडी घेऊन येत्या मंगळवारी त्यांचे सामान आणावे. सोमवारी नको, सोमवारी मला उपास असतो आणि त्या आल्या आल्या चूल पेटवणार.

माझे इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. बाकी जे उरेल ते सिद्धेश्वरीचे.

लिहून देणार: नीलम्मा विरुपाक्ष कोनापुरे (सही)

आमच्यासमोर वाचून, मग सही केली:
१. मानसिंग रजपूत, चादरीचे दुकान, शेजारी (सही)
२. सिद्धलिंगप्पा हिरेमठ, निवृत्त शिक्षक (सही)

सोलापूर, दि. १४ नोव्हेंबर २०२५