पंखा मागं असलेलं विमान

बेंगळुरू

तीर्थरूप आबांस नमस्कार.

आई, हे आबांना मोठ्यानं वाचून दाखव. मी बरा हाय, खोली हवेशीर हाय. आबा, गच्चीचा जिना एकट्यानं चढत न्हाईसा न्हवं?

काल ते विमान दिसलं. पंखा नाकावर न्हाय, मागं शेपटाजवळ, कुणीतरी ढकलत नेल्यासारखं. मुरगूडच्या गच्चीवर पडून विमानं मोजताना आपण त्याचीच वाट बघायचो की. काचबिंदूनं तुमची नजर जायच्या आधी ते का आलं न्हाय, हेच मनात येत राहिलं.

दोघांनी बघितलं तरच विमान मोजणीत धरायचं, हा तुमचा नियम. फोटो तुम्हास्नी दिसायचा न्हाय, म्हणून मोबाईलवर विमानाचा आवाज घेतला. आई लावून दील. नुसतं ऐकलेलं चालंल का, तेवढं कळवा.

तुमचा
राजवर्धन