दिवा लागल्यावर लोखंड

बाबूजी, तुमच्यावर मी फार चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, फोटोला हार मीच घालते, पण काल संध्याकाळी तुम्ही समोर असता तर कडाकडा भांडले असते.

फुलचूरच्या आपल्या घरामागच्या दोन खोल्या अजून भाड्यानेच आहेत. आता तिथे शिकवण्या घेणारा एक मुलगा आणि त्याची म्हातारी आई राहते. काल मायने देवाजवळ दिवा लावला आणि तेवढ्यात तो धावत आला. "दीदी, अम्मा बाथरूम में गिर गई है, दरवाजे की कुंडी अंदर से जाम है!" मी मिस्त्रीला फोन लावला, तर म्हणतो, "आता कुठं येऊन राहिलो बाई, सकाळी पाहू." धक्के मारले की पत्र्याचं दार नुसतं वाजत होतं. आतलं कण्हणं आधी ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. बिजागरी उचकटायला लोखंडी सब्बल हवी होती. ती आणायला मी घरात आले, तर माय कोठीच्या दारात आडवी उभी. "दिवा लागला ना वं. आता लोखंड घराबाहेर नाई देत. तुह्या बाबूजीनं कधी देलं काय?"

नाही दिलं! मी आठवीत होते. तेव्हाच्या भाडेकरूंचा नळ तुटला, आणि त्यांची बायको पदर पिळत, नुसता पाना मागायला दारात उभी. तुम्ही जेवताय. मान वर न करता म्हणता, "दिवा लागला. सकाळी या." मी विचारलं, "काऊन नाई द्यायचा?" तर डोळे वटारून म्हणालात, "लक्ष्मी जाते. तुले काय समजते?" तिच्या खोलीत तांदळाचं पोतं भिजत राहिलं. सकाळी तुम्हीच जाऊन नळ बसवलात, मोठ्या प्रेमाने, वर चहाही पिऊन आलात. लाज कशी वाटली नाही हो? आपली मोटार बिघडली की त्याच दिव्याच्या उजेडात तुमचे पाने-पकडी चालायचे, कारण लोखंड उंबरठा ओलांडत नव्हतं. भाडं घेताना त्या खोल्या आपल्या घरात, आणि नळ तुटला की घराबाहेर! हा कुठला धर्म?

हे सगळं काल मायला ऐकवलं. ती बिचारी रडायला लागली, तरी दारातून हलेना. शेवटी तिला बाजूला सारून मी सब्बल नेली. एक बिजागरी मी काढली, दुसरी त्या मुलाने ओढून तोडली. म्हातारी ओल्या फरशीवर पडलेली, कपाळातून रक्त, पण डोळे उघडे होते. दवाखान्यात टाके पडले, आता बरी आहे. रिक्षात तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बहुत देर लगा दी, बेटी."

तिचा मुलगा म्हणाला, मायजींनी अडवलं म्हणून उशीर झाला. मी त्याला तसंच समजू दिलं. तुम्हाला सांगते, बाबूजी, कारण हे पत्र कुठे जायचं नाही. माय बाजूला झाल्यावर मी थेट कोठीत गेले नाही. आधी देवघरात गेले, दिवा मालवला, वात पूर्ण थंड होईपर्यंत तिथेच उभी राहिले, आणि मगच सब्बल उचलली.