अक्षराचा डोळा उघडा ठेवणारा पेन

दादा, तुमची थोरली लेक बोलतेय. लिहितेय माझी नात, कारण मला अजूनही एक अक्षर येत नाही. मी ‘हाय’ म्हटलं की ही ‘आहे’ लिहिते, तेव्हा पत्र जास्तच शहाणं वाटलं तर दोष तिचा. मंगळवारी मी बीडला जाऊन पेन निवडला. हसू नका, पुढचं ऐका.

ऊसतोडीला जाणं टळावं म्हणून आमच्या वडवणीकडच्या बायकांनी म्हशी घेतल्या आणि दुधाची सोसायटी काढली. प्रत्येकीला सभासद झाल्याचा दाखला द्यायचा होता, आणि त्यावर नावं हातानं, देखणी लिहायचं काम नातीनं मागून घेतलं. छापलेले दाखले बायका तितकेच, वर तीन. तिच्याजवळचा ब्रश पेन जाड टोकाचा. पहिल्या दोन दाखल्यांवरच अक्षरांचे डोळे बुजले. अक्षरातल्या बारक्या गोलाला तुम्ही डोळाच म्हणायचात ना? त्या दोन बायकांची नावं म्हणजे नुसते काळे डाग. रविवारी वाटप, आणि पोरगी रडवेली. “आज्जी, मी चेअरमनबाईला सांगते, कॉम्प्युटरवरच काढा म्हणून.” मी म्हटलं, “रडायचं ते मागनं रड. आधी पेन बघू.”

म्हटलं खरं, पण मनातल्या मनात उरलेले कागद मोजले. पेन चुकला तर तिसरा कागद जाईल, मग कुणाचा तरी दाखलाच जाईल, आणि खापर माझ्या माथ्यावर फुटेल. ब्रशाच्या बाबतीत माझी अब्रू काय आहे ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

ते दुष्काळाचं साल. विहिरीत गाळ उरलेला, आई खडी फोडायला जाते, आणि तुम्ही गावच्या सोसायटीच्या चारा डेपोचा बोर्ड रंगवताय. मी शेजारी रॉकेलचा डबा धरून उभी. दिवस कलताना तुम्ही बारका ब्रश धुवायला दिलात. तेवढ्यात टँकर आल्याची हाळी झाली. मी ब्रश डब्यात टोकावर उभा सोडला आणि घागर घेऊन पळाले. सकाळी बघते तर टोक कोंबड्याच्या शेपटीसारखं वळलेलं. सेक्रेटरी दारात, डेपो बघायला साहेब दुपारी येणार, आणि दुसरा बारका ब्रश नाही. तुम्ही त्याच वाकड्या ब्रशानं लिहीत गेलात, डोळे बुजत गेले, आणि रंग ओला असतानाच बाभळीच्या काट्यानं तुम्ही एकेक डोळा कोरून उघडलात. माझ्याकडं न बघता म्हणालात, “हिच्या हातात काय बी न्हाई. हिला ब्रशाला शिवू देऊ नगा.” कुणाला सांगत होतात? तिथं मी आणि सेक्रेटरीच होतो, आणि त्याला तर बोर्डाची घाई होती. पण मी ते मनावर घेतलं. सासरी रांगोळीसुद्धा जावेला घालायला लावली. लोक म्हणायचे, आळशी आहे. तेही अगदीच खोटं नव्हतं.

तर बीडचं दुकान. दुकानदारानं बघायला ठेवलेले पाच पेन काचेवर मांडले. नातीचा हात थेट लांब, मऊ टोकाच्या पेनावर. मोबाईलमधल्या पोरी तोच वापरतात म्हणे. मी म्हटलं, थांब. तुम्ही बाजारात नवा ब्रश जिभेवर ओला करायचात, नखावर वाकवायचात आणि सोडायचात. उठून सरळ झाला तर घ्यायचात, नाहीतर ठेवून द्यायचात. जिभेचं राहू दिलं, नातीनं आधीच डोळे वटारले होते. एकेक टोपण काढून मी नखावर टोक वाकवते. लांब मऊ जो आडवा होतो, तो उठायचं नाव घेत नाही. दुसरा फाकतो. आणखी दोन तसलेच लोळणारे. शेवटचा आखूड, बारीक, ताठ. वाकला आणि टुणकन उभा राहिला.

दुकानदार म्हणाला, “आज्जी, लिव्हता येतं का तुमाला?”

“न्हाई बाबा. तुला तरी कुठं इकता येतंय? घटकाभर गप बस.”

नातीनं वाया गेलेला दाखला बरोबर आणला होता. कागद तोच हवा, कारण शाई फुटते ती कागदावर. त्याच्या पाठीवर मी एक उभी रेघ ओढली, एक आडवी, आणि मग होईल तितका बारीक गोल. नवा ब्रश घेतल्यावर तुम्ही हेच तीन काढायचात. रेघ म्हाताऱ्या बैलासारखी चालली. पण गोल? आम्ही दोघी वाकून बघतो, दुकानदारही चष्मा कपाळावर चढवून वाकतो. डोळा उघडा! लख्ख उघडा. “आज्जी, कुणी शिकवलं हे?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “माझ्या बापानं. पेंटर होता.”

शुक्रवारी शेवटचं नाव झालं आणि एक कागद कोरा उरला. लिहिलेल्या दाखल्यांत माझाही आहे. त्यावर माझंच नाव आहे असं नात म्हणते, मी मान्य केलं. डोक्यावरची भरली घागर उतरवल्यावर मान कशी आपोआप वर येते, तसं झालंय मला.

तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही, म्हणून हे पत्र नातीच्या वहीतच राहील. पण एक बोलून टाकते, दादा. दुकानात मी खोटं बोलले. तुम्ही मला कधीच काही शिकवलं नाही. डबा धर एवढंच सांगितलंत, डोळे कुठं ठेवायचे ते सांगायचं राहून गेलं, म्हणून मी ते तुमच्या हातावर ठेवले. तरी पुन्हा कुणी विचारलं, तर मी तुमचंच नाव सांगणार आहे.