हळू आवाजात

प्रिय आई,

खालच्या दुकानातल्या शिंपीकाकांनी हे पाकीट हातात दिलं की तू आधी म्हणशील, ‘या ठमीला झालंय तरी काय? सकाळी तर समोर बसून चहा प्यायली!’ प्यायले खरी. पण चहा पिताना जे बोलायचं ठरवून आले होते, ते ‘साखर कमी झाली का गं’ एवढ्यावरच संपलं. आता लॅबमध्ये बसून लिहितेय. समोर गरम पाण्यात एक कवळी शिजतेय, ती बाहेर काढेपर्यंत मला दुसरं काही करता येत नाही. बाहेर डॉक्टर कोणाची तरी दाढ बघतायत आणि तो माणूस त्यांनी हात लावायच्या आधीच विव्हळतोय.

माझा जीव थाऱ्यावर नाही, हे तुला दिसलं असेलच. काल मी एका आजोबांच्या साच्यात उजवीकडचा सुळा डावीकडे बसवला. इतकी वर्षं हे काम करतेय, असं कधी झालं नव्हतं. ट्रायलला त्यांनी ते मेणातले दात तोंडात घातले, आरशात बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, हा कोण पाहुणा?’ सगळे हसले, मीही हसले. मग आत येऊन मेण गरम केलं, दात उपटून पुन्हा लावले. मेणात आहेत तोवर काही बिघडत नाही. माणूस ते घालून बघतो, बोलून बघतो, मी त्याला ‘सहासष्ट’ म्हणायला लावते, शीळ वाजली तर समोरचे दात केसभर मागे घेते. पक्के झाले की मग नुसती घासाघासी उरते, तुला माहीतच आहे. तुझ्या कवळीवर आपण दोघी कितीदा भांडलोय!

शहरातल्या मोठ्या लॅबच्या बाईंनी मला कामाला बोलावलंय, हे मी तुला सांगितलेलं नाही. पण तुला ते माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला परवा कळलं. आणि मला कळलंय हे तुला आत्ता कळतंय. आपल्या घरात सगळ्या बातम्या अशाच पोचतात, मागच्या दाराने.

तरी नीट सांगते. आपल्याकडचे ते निवृत्त पोस्टमास्तर मुलाकडे शहरात राहायला गेले, तिथे त्यांची कवळी हिसडा बसून तुटली. ती सांधायला त्या बाईंकडे गेली. बाईंनी विचारलं, हे कोणी केलंय? कारण पुढचा एक दात मी मुद्दाम थोडा तिरका बसवला होता, त्यांच्या लग्नाच्या फोटोत आहे तसा. बाईंनी फोन नंबर शोधून काढला. म्हणाल्या, आमच्याकडे मशीनं आहेत, पोरं हुशार आहेत, पण दात सगळ्यांना सारखेच येतात, तुम्ही या. इकडे डॉक्टर या वर्षाच्या शेवटी दवाखाना मुलाच्या हाती देणार. मुलाने तोंडावर सांगितलंय की माप तो कॅमेऱ्याने घेणार आणि काम शहरात पाठवणार. म्हणजे मी इथे राहिले तर मोडक्या कवळ्या सांधायच्या. बाईंच्या बोलावण्याचं कळलं तेव्हा डॉक्टर हात पुसत म्हणाले, ‘कामच तिकडे चाललंय बाई, तुम्ही इथे बसून कोणाची वाट बघणार?’ मला राग आला. मग वाटलं, खोटं काय बोलले?

तेव्हापासून माझं हो-नाही, हो-नाही चाललंय. सकाळी दात घासताना मी जायचं ठरवते. लॅबचं कुलूप उघडेपर्यंत राहायचं ठरतं. बाजारात कोणी ओळखीचं हसलं की मी चेहऱ्याच्या आधी दातांचा रंग बघते, माझ्या हातचा असला की मागे वळून पुन्हा बघते. तिथे मला रस्त्यावर कोण हसणार आहे? आणि हसलंच तर ते कोणाच्या दातांनी?

तर मागच्या आठवड्यातला तो फोन, ज्यातून तुला हे सगळं कळलं. दुपारी मी जेवायला घरी आले होते, तू टेबलाशी पाठमोरी बसून मटार सोलत होतीस. बाईंचा फोन आला आणि मी तिथेच, तुझ्या मागे उभी राहून बोलले. तुझ्यासमोर मी काहीही बोलते फोनवर, सवयच झालीये, भिंतीसमोर बोलावं तशी. मी म्हणाले, ‘नाही हो जमणार. आईला काही ऐकू येत नाही. ती एकटी राहूच शकत नाही. माझे हात बांधलेत.’ एवढं बोलून मी मोठा सुस्कारासुद्धा टाकला. मधेच कुठेतरी बारीक शिट्टीसारखं ऐकू येत होतं. मला वाटलं गॅस. बोलता बोलता मी शेगडीपाशी जाऊन बटणं तपासली. तू मान वर केली नाहीस. मटार सोलत राहिलीस, फक्त नंतर पाहिलं तर सालांमध्ये दाणे आणि दाण्यांमध्ये सालं. मी तुला ओरडून म्हणाले, ‘लक्ष कुठंय आई?’ तू म्हणालीस, ‘वय झालं गं.’

त्यानंतर आपल्या घरातल्या वस्तू हलायला लागल्या. वरच्या फळीवरचे डबे खाली आले. विचारलं तर म्हणालीस, स्टुलाचा कंटाळा आला. तू घरातसुद्धा कवळी घालून बसायला लागलीस, एरवी ती पाहुण्यांसाठी राखीव. दूध तापताना शेगडीसमोर पहारेकऱ्यासारखी उभी राहायला लागलीस. भाजी आणायला एकटी गेलीस आणि मी बोलले तर तुझं नेहमीचं, ‘मला काय धाड भरलीये!’ मला वाटलं, म्हातारपणातलं एखादं खूळ असेल.

परवा शिंपीकाका कवळी घासून घ्यायला आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले. म्हणाले, ‘तुमच्या आईंनी मला कामाला लावलंय. रोज दुकान उघडायच्या आधी जिना चढायचा आणि तुमच्या दाराची बेल वाजवायची. त्या आत कधी मोरीत, कधी मागच्या खोलीत, आणि तिथून ओरडणार, हं, आता वाजवा! काल तर गंमत झाली, मी बेल दाबलीच नव्हती, आणि आतून म्हणतायत, आली, आली ऐकू!’ काका पोट धरून हसत होते. माझ्या हातातली कवळी फिरत्या दगडावर जरा जास्तच घासली गेली.

तेव्हा ती शिट्टी मला आठवली. ते कानाचं मशीन होतं, आई. दादाने पाठवलेलं, बटणांच्या डब्यात ठेवून दिलेलं. ‘जन्मभर लोकांचं ऐकलं, आता कानांनाही पेन्शन नको का’ असं म्हणून तू ते कधी घातलं नाहीस. त्या दुपारी मात्र तू ते घातलं होतंस, आणि मी येण्याआधीच घातलं होतंस. मी चार दिवस घरभर येरझाऱ्या घालत होते, फोन वाजला की दचकत होते. तुला कारण हवं होतं, आणि विचारलं असतंस तर मी ‘काही नाही’ म्हणाले असते. म्हणून इतक्या वर्षांनी तू पुन्हा लाईन कानाला लावलीस.

मी लहानपणी शाळा सुटली की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझ्या खुर्चीमागे येऊन बसायचे. समोर त्या वायरी, दिवे, आणि तुम्हा सगळ्या बायकांच्या कानांवर ती काळी वाटी. गावातल्या सोयरिकी, मरणं, भांडणं, सगळं तुमच्या हातांखालून जायचं. एकदा परत येताना मुख्याध्यापिकाबाई भेटल्या, तू त्यांना ‘काय, बरंय ना’ म्हणालीस आणि भेंडीच्या भावावर बोलत राहिलीस. त्यांचा मुलगा घर सोडून गेलाय हे गावाला आठवड्याने कळलं. त्याचा शहरातून आलेला फोन तूच जोडून दिला होतास. मी रुसले, मला का नाही सांगितलंस म्हणून. तू म्हणालीस, लाईनवर ऐकलेलं लाईनवरच ठेवायचं, नाहीतर उद्या कोणी आपल्याला जोडून द्यायला सांगणार नाही. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. मटार सोलतानाही हलली नसणार. मी पाठीमागे होते, मला फक्त चुकीच्या भांड्यात पडलेले दाणे दिसले.

आता तू न बोलता, डबे खाली आणून, शिंप्याला जिना चढायला लावून, मला मोकळं करायला निघालीयेस. आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतोय, कारण मी फोनवर जे बोलले ते खरं नव्हतं. तू एकटी राहू शकतेस. थोडी भांडशील, थोडं दूध उतू घालवशील, पण राहशील. मलाच भीती वाटते. तिथे पोरं पडद्यावर दात फिरवतात, बोटाने मोठे करतात, लहान करतात, मेणाला कोणी हात लावत नाही. या वयात मी त्यांच्याशेजारी बसून पहिल्यापासून शिकायचं? इथे मी ‘बाई’ आहे, तिथे कोपऱ्यातली एक मावशी होईन. आणि त्या शहरात अशी एक खोली असेल जिथे संध्याकाळी मी कोणावर ओरडणार नाही. याची भीती वाटते, आणि खरं सांगू, याची ओढही वाटते. दोन्ही एकदम. म्हणून झोप नाही, म्हणून सुळा डावीकडे. हे सगळं बाईंना सांगायची लाज वाटली, आणि तुझं नाव सोपं होतं. तोंडातून लगेच निघालं.

आज सकाळी मी त्यांना पुन्हा फोन केला. म्हणाले, माझ्या आईला एकटं राहता येतं, तिच्या नावावर काही लिहू नका, ठरत नाहीये ते माझं. त्या हसल्या. म्हणाल्या, मग येऊन बघा तर खरं, माझ्या पोरांजवळ बसा, आणि येताना तुमचं मेणही आणा. शनिवारी सकाळी मी निघतेय, रविवारी परत येईन. म्हणजे आपली दोघींची ट्रायल, पक्कं काहीच नाही. शीळ वाजली तर मागेपुढे करू. हे तुला समोर बसून सांगता आलं असतं, पण गेली कित्येक वर्षं मी तुझ्याशी ओरडूनच बोलतेय. औषध घेतलंस का, ओरडून. दार लाव, ओरडून. ओरडून फक्त कामाचं बोलता येतं, आई. ‘मला भीती वाटते’ हे ओरडून सांगायला गेले तर खालच्या दुकानातली शिलाई मशीनं थांबतील. म्हणून पत्र. काका येतील तेव्हा बेल वाजवतील, या वेळी तालीम नाही, खरीखुरी. हे वाचून झालं की ते मशीन कानातून काढू नकोस. संध्याकाळी मी येईन, तुझ्याशेजारी बसेन, आणि हळू आवाजात विचारेन की मी काय करू. तूही बोल. एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला, ऐकलेलं बोललीस म्हणून आता कोणी तुला मेमो देणार नाही.

तुझीच,
ठमी