डावीकडचं कपाट

४ नोव्हेंबर

गाडीचा डावा आरसा कुणीतरी फोडला! उभ्या गाडीचा! सकाळी खाली गेलो तर वायरीला लोंबत होता. वॉचमनला खडसावलं. तर म्हणतो, "रात्री कुणी आलंच नाही, साहेब." मग काय आरसा आपोआप गळून पडला? वर मला फाटकाजवळ नेऊन खांबाला लागलेला पांढरा रंग दाखवतोय. गाव भरलंय पांढऱ्या गाड्यांनी! म्हटलं, तू फाटक सांभाळ, मला गाडी शिकवू नकोस.

रात्री जेवताना सूनबाई अगदी हळू आवाजात: "बाबा, भिंगरीला शाळेत मीच सोडत जाईन म्हणते."

घास हातातच राहिला. माझी नात! पहिल्या दिवसापासून शाळेत मी नेतोय तिला. पुढच्या सीटवर बसून ती जी बडबड सुरू करते ती शाळेच्या दारापर्यंत थांबत नाही. दिवसातला तेवढाच वेळ कुणीतरी माझ्याशी बोलतं. चिरंजीव ताटात डोकं घालून बसलेले. हळू आवाजात बोललं की अपमान होत नाही, असं वाटतं या मंडळींना!

उभं आयुष्य क्रेन चालवली मी. वरच्या केबिनमधून हूक खाली सोडून माणसाच्या डोक्यावरच्या टोपीला टेकवायचो — केस हलायचा नाही. आणि यांना आरशाची पडलीये.

५ नोव्हेंबर

आजही मीच सोडलं भिंगरीला. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. बघू दे.

७ नोव्हेंबर

चिरंजीवांचा सल्ला: "बाबा, कशात तरी मन रमवा. एखादा छंद लावून घ्या." म्हणजे बाबा, कोपऱ्यात बसा.

ठीक आहे. लावतो छंद!

बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात रिमोटवरची हेलिकॉप्टरं आहेत. काचेतून तो रिमोट दिसला — दोन हातांना दोन दांडे. क्रेनसारखेच! हात शिवशिवले. आत गेलो. दुकानदार म्हणजे केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण. पहिलाच प्रश्न — "नातवासाठी का, काका?"

म्हटलं, नातवाच्या आजोबासाठी.

मग लागला शिकवायला. पहिलंच असेल तर छोटं घ्या. एकावर एक दोन पंखे असतात, दांडा सोडला तरी जागच्या जागी तरंगतं. बाहेर वाऱ्यात नाही चालायचं, पण घरात हात बसेल. एका पंख्याचं नंतर घ्या, ते सारखं सांभाळावं लागतं. आणि ते मोठं तर बघूही नका, पात्यांचा कोनसुद्धा आपणच बदलायचा असतो, मुरलेल्या लोकांचं काम. सुटी पाती मिळतात ना, ते आधी विचारा, कारण ती तुटणारच.

तुटणारच! मला सांगतोय!

एका पंख्याचंच घेतलं. जे आपोआप तरंगतं ते चालवण्यात कसली मर्दुमकी?

८ नोव्हेंबर

दिवाणखान्यात उडवलं. शेपटी आपल्याकडे, हळूहळू गुडघाभर वर — सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. उठलं छान. मग सरकत सरकत डावीकडच्या कपाटावर धाडकन! एक पातं गेलं.

यंत्रातच खोट आहे. डावीकडे ओढतंय ते.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." बायको नाही, वैरीण आहे ही!

९ नोव्हेंबर

सुटं पातं बसवून उडवलं. पुन्हा कपाट.

११ नोव्हेंबर

दुकानात नेऊन आपटलं त्याच्यासमोर. म्हटलं, डावीकडे ओढणारा माल गळ्यात मारतोस? बुचड्याने पातं बदललं, रिमोटवरचं एक बटण दाखवलं — एका बाजूला सरकत असेल तर याने सरळ करायचं — आणि उडवलं. दुकानभर फिरवून बरोबर काउंटरवर उतरवलं. "काका, यंत्र ठीक आहे. पण तुम्ही ते बटण पार उजवीकडे नेऊन ठेवलंय." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

रागाच्या भरात ते दोन पंख्यांचं छोटंही उचलून आणलं. घ्या! आता तरी यंत्राला नावं ठेवायला नकोत.

गाडी घेऊन येताना फाटकाशी एका सायकलवाल्याने शिवी घातली. कुठून उगवला देव जाणे! बेल वाजवायला काय हात मोडले होते?

१२ नोव्हेंबर

छोटंही कपाटावरच. हे तर आपोआप तरंगतं म्हणे!

उडवत होतो तेव्हा भिंगरी मधेच किंचाळली, "आजोबा, मी केव्हाची उभी आहे इथे! माझ्या केसांत अडकलं असतं!" बाजूला सरक म्हणून ओरडलो तिच्यावर. रुसून बसली. पण आवाज द्यायचा ना आधी? मला काय कान नाहीत?

१४ नोव्हेंबर

आज जेवताना पुन्हा तोच विषय. डोळे तपासून घ्या, म्हणे. अहो, चष्म्याचा नंबर आत्ताच तर बदलला! पाटीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचली होती मी.

उठलो आणि सांगून टाकलं सगळ्यांना — रविवारी बॅटरी संपेपर्यंत हेलिकॉप्टर दिवाणखान्यात तरंगत ठेवीन. कशालाही न टेकवता. जमलं तर गाडीचं नाव काढायचं नाही या घरात.

"आणि नाही जमलं तर?" — चिरंजीव.

"तर किल्ली तुमच्या पायाशी ठेवीन."

ही म्हणाली, "अहो, काय हे लहान मुलासारखं!" भिंगरीला मात्र आनंद झाला. तिला वाटतं मी जिंकणार.

रविवार

नाही जमलं.

छताचा पंखा चालू ठेवला होता कुणीतरी! मुद्दाम! सांगून काय उपयोग. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पंखा बंदच होता." भिंगरी हळूच म्हणाली, "आजोबा, अजून एकदा करा ना." रिमोट सोफ्यावर फेकला आणि खोलीत येऊन बसलो.

किल्ली अजून खिशात आहे. शब्द दिला तो दिला. पण उद्या सकाळी देईन. हवं तर परवा देईन. माझी गाडी आहे.

१७ नोव्हेंबर

दुपारी घरात आम्ही दोघंच. ही रिमोट घेऊन आली. म्हणाली, "मला शिकवा." हसलो. जिला मिक्सरचं झाकण लावता येत नाही, ती! खुर्चीत बसलो आणि सांगत गेलो — डावा दांडा हळू, उजवा अगदी किंचित.

उडवलं की तिने! पहिल्या झटक्यात. समोर छातीइतक्या उंचीवर आणलं, मग डावीकडे नेऊ लागली. आणि दिसेनासं झालं.

म्हटलं, "पाडलंस ना!"

"कुठे पाडलं? हे काय, उडतंय की."

आवाज येतच होता. पात्यांचा वारा कानाला लागत होता. मान वळवली — माझ्या खांद्यापासून हातभरावर, कपाटापुढे छान तरंगत होतं. पुन्हा समोर बघितलं. गेलं. नुसता आवाज. पुन्हा वळून बघितलं. होतं.

हिने दांडा हलवला नव्हता. ती हेलिकॉप्टरकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. हळूच खाली उतरवलं तिने.

"कधीपासून, हो?"

म्हटलं, "बंद कर ते. मोटर तापेल."

पण रिमोट तिच्याच हातात राहू दिला. भीती वाटली. इतके दिवस सगळ्यांवर चिडत होतो ते बरं होतं. क्रेनवर नवीन पोरं आली की पहिला धडा मीच द्यायचो — खालच्या माणसाचा इशारा दिसला नाही की हात थांबवायचा. आवाजावर विसंबून माल हलवायचा नाही. खाली कोण उभं असेल सांगता येत नाही.

खाली जाऊन फाटकाचा खांब बघून आलो. तो रंग माझ्याच गाडीचा आहे. वॉचमनने खुर्ची पुढे केली. मी बसलो.

१८ नोव्हेंबर

किल्ली सूनबाईच्या हातात दिली. डॉक्टरांची वेळ चिरंजीवांनी घेतली आहे.

भिंगरी रोज माझ्या डाव्या हाताला बसायची.