सांडपाण्याच्या डब्यातले शहर

काल दुपारी फिल्म-भांडाराच्या व्यवस्थापिकेने फोन करून खात्रीने सांगितले, की व्हायोलिनवादक बाईंच्या जन्मशहरावरचा माहितीपट सापडला. चारही रिळे 'शहराचे सांडपाणी' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यांत होती. चिठ्ठीवरचे अक्षर माझे आहे. म्हणून आधीचे मृत्युपत्र रद्द करून हे करतो.

मी, निवृत्त संकलक, वय अठ्ठ्याहत्तर. पाय सुजलेले, डोके ठिकाणावर; डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ज्याने सांगायचे तो आता नाही.

१. माझी राहती दोन खोल्यांची जागा माझ्या मयत धाकट्या भावाच्या पत्नीस मिळावी. ही मेहेरबानी समजू नये. माहितीपट काढणाऱ्या एकाच ऑफिसात आम्ही दोघे होतो; चित्र मी जोडत असे, आवाज तो टिपत असे. माहितीपट एकदाच दाखवला गेला. त्या आठवड्यात डब्यांची टंचाई होती. रिळे मी 'शहराचे सांडपाणी' या दुसऱ्या माहितीपटाच्या रिकाम्या डब्यांत ठेवली, चिठ्ठी उद्या बदलू म्हटले आणि तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो. उठलो तेव्हा ते डोक्यातून पार गेले होते. रिळांचा शोध सुरू झाला आणि आवाजाची फीत भावाच्या घरी कपाटात मिळाली. ऑफिसात जुन्या फिती पुसून पुन्हा वापरतात, म्हणून जपायला घरी आणली, असे तो म्हणाला. ज्याच्याकडे आवाज त्याच्याकडेच चित्र, असे मी लेखी दिले. जिन्यात तो मला एवढेच म्हणाला, "दादा, आवाज माझ्याकडे सापडला. चित्र तुझ्याकडे होतं. जरा आठवून बघ."

मी आठवून पाहिले नाही. त्याची नोकरी गेली. चित्राशिवाय ती फीत ऑफिसच्या लेखी रद्दी होती, ती त्याच्याकडेच राहिली. पुढे तो सभांना कर्णे भाड्याने देत फिरला. चार वर्षांपूर्वी गेला. मी शेवटचे तोंड पाहायलाही गेलो नाही.

२. एकतीस वर्षे मी ही रिळे शोधली: तीन परकी भांडारे, भंगारवाले, चांदी काढायला फिल्म धुणारा एक कारखाना. आमच्या भांडारात शोधले नाही, कारण तिथली यादी मीच केली होती. व्यवस्थापिकेने कुजणाऱ्या फिल्मचा आंबूस वास कुठून येतो म्हणून एकेक डबा उघडला. माझे संकलनाचे टेबल, भिंग आणि कात्री तिला द्यावी.

३. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणतात, मृत्युपत्रात कबुल्या लिहायच्या नसतात. सहा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्यांनी आता ठेवूनच घ्यावी.

४. वादक बाई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांना दिसत नाही. त्यांची गल्ली रस्त्यासाठी कधीच पाडली. काल फोनवर कळवले तेव्हा त्यांनी विचारले, "चित्र राहू दे. आई दारातून मला हाक मारते, ते आहे का?" ते फितीवर आहे. फीत भावजयीकडे आहे.

५. भावजयीला आज सकाळी फोनवर सगळे सांगितले. ती म्हणाली, "दादा, तुमचं घर तुमच्यापाशी. तेव्हा जसा कागद दिलात तसाच आता द्या. ऑफिसच्या शिक्क्याचा. आणि मरायच्या आधी." तरी कलम एक कायम आहे. चित्र भावाने नेले नव्हते, चूक माझी होती, असा तो कागद मी वेगळा लिहिला आहे.

सोमवारी अकराला भांडारात चित्र आणि आवाज एकत्र चालवणारे यंत्र राखून ठेवले आहे. फिल्म आकसली आहे, एकदाच चालेल, असे तंत्रज्ञ म्हणतो. वादक बाई येणार आहेत. ऑफिस दहाला उघडते. शिक्का मिळाला तर भावजय फीत घेऊन येईल. नाही मिळाला तर शहर मुके चालेल, आणि बाई अंधारात नुसत्या बसून राहतील.

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार: माझे डॉक्टर (सही)
साक्षीदार: तळमजल्यावरचे औषधवाले (सही); सोमवारी नऊला मला जिना उतरवून देणार
ठिकाण: राहती जागा, मागची खोली
दिनांक: नऊ मार्च, शुक्रवार