एकोणिसावा आकडा

३ मे
लागलो एकदाचा नोकरीला! केनवडच्या बाहेर रत्नमालाताईंची पत्र्याची शेड आहे. आधी इथे कापूस भरायचे, आता रॅकवर अठरा ग्राफिक्स कार्ड ओळीने लावलेत. हैदराबादच्या एका कंपनीच्या कार्टून सिनेमांची चित्रं ती अखंड तयार करतात. त्यांना थंड ठेवायचं हे माझं काम. आल्याआल्या ताईंनी ताक दिलं, म्हणाल्या, "घरच्यावानी राह्य बापा, लाजू नको." सोबतीला गोविंदा आहे, रिसोडकडचा, कमी बोलणारा. आईला, माझ्या याडीला, पोचल्याचं कळवलं आणि मोबाइल ताईंकडे जमा केला. कंपनीचा नियम आहे म्हणे.

६ मे
आज गोविंदाने कार्डाच्या चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावायला शिकवलं. कार्डचे स्क्रू सोडायचे, वाळलेली जुनी पेस्ट स्पिरिटने पुसायची, चिपच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवायची, मग स्क्रू तिरपे समोरासमोरचे आवळायचे. चार नंबरचं कार्ड ७९ अंशांवरून थेट ६४ वर आलं! स्क्रीनवर आकडा उतरताना बघायला फार छान वाटतं. गोविंदाही हसला.

११ मे
ऊन भयंकर. गरम हवा आत येऊ नये म्हणून ताई दुपारभर दाराला बाहेरून कडी घालतात. कूलर एकच, त्याचं तोंड कार्डांकडे. आम्ही त्याच्या मागे. ताई ऑफिसातल्या एसीत बसून आकडे मोबाइलवर बघतात. एखादं कार्ड ऐंशीच्या वर गेलं की भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज येतो. आज सात नंबरवरून गोविंदाला खूप बोलल्या. त्याला ताप आहे हे मी सांगायला हवं होतं.

१४ मे
गोविंदा कोसळला. अंग तव्यासारखं, घाम अजिबात नाही. मी कूलर त्याच्याकडे वळवला. सात नंबर ८८ वर गेला तशा ताई आल्या. हवेचं तापमान मोजायला आणलेला बिनवायरचा सेन्सर त्यांनी त्याच्या काखेत ठेवला. स्क्रीनवर अठरा आकड्यांखाली एकोणिसावा उमटला — ४१. म्हणजे जवळजवळ १०६ ताप. ताई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माणसाले चालते इतकं. कार्डाले नाही चालत." कूलर परत फिरवला. आम्ही दोघांनी त्याला दाराबाहेर नेलं, सेन्सर काखेत तसाच. वाशिमला दवाखान्यात नेते म्हणाल्या, मला आत पाठवलं.

१५ मे
एकोणिसावा आकडा अजून स्क्रीनवर आहे. ४१.
ताई सांगतात, गोविंदाला सलाइन लावलंय, बरा आहे. मग सेन्सर ऑफिसात राहिला असेल. पण ऑफिसात तर एसी — आणि हा सेन्सर कुंपणापलीकडे चालतच नाही.
दार बडवलं. स्पीकरमधून आवाज आला, सात नंबर पाह्य.
मी सात नंबर पाहिला. पेस्ट बदलली.

१६ मे
सकाळी ३३. जिता माणूस ३३ असते काय?
दुपारी ४४. शेडमधल्या हवेएवढाच. हवेसंगं चढते, हवेसंगं उतरते —
शेडमागं कापसाची जुनी कोठी आहे. तिले कुलूप आहे.

१७ मे
सकाळी दाराले कडी नव्हती तवा पेचकसानं कोठीचा कोंडा उखडला. गोविंदा रिकाम्या पोत्यांवर होता. दाराच्या आतल्या बाजूले नखं घासल्याच्या खुणा. परवा मी इकडं पेस्ट लावत होतो तवा तो तिकडं —
ताई मागं उभ्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू इथं, अन् तिकडं सात नंबर नव्वदवर."
त्याच्या काखेतला सेन्सर काढला. पदरानं पुसला.
"हात वर कर बापा."
मी केला. काहून केला —

तारीख आठवत नाही
कडी बाहेरून. कूलर कार्डांकडे. उठता येत नाही.
एकोणिसावा — ४०.६
घाम थांबला.
कार्ड सगळे साठच्या आत. स्पीकरमधून ताई — शाब्बास म्हनतात — लय गोड आवाजात —
४१
याडीले सांगा की मी